कोण बघतंय?

मुलगी चौथी-पाचवीत असते, तोवर तिचं पोहणं सगळ्या घराला कौतुकाचं असतं. सातवी-आठवीत गेली की हळूच सूर बदलतो. ‘आता पुरे झालं पोहणं.’ का, म्हणून विचारलं तर अभ्यास, क्लास, केस खराब होतात, रंग काळवंडतो, अशी यादी निघते. खरं कारण अगदी शेवटी, तेही दबक्या आवाजात येतं. तलावावर सगळे बघतात ना!

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्याकडेच असतं असं समजू नका. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सिडनीत याच ‘बघण्या’पायी जगातल्या सर्वांत वेगवान मुलीवर घरी बसायची पाळी आली होती. तिचं नाव फॅनी ड्युरॅक, जन्म १८८९चा. सिडनीच्या कूजी किनाऱ्यावरच्या तलावात ती पोहायला शिकली, तेही ब्रेस्टस्ट्रोक, कारण बायकांची स्पर्धा तेवढ्याच प्रकारात होती! १९०६मध्ये, शाळेत असतानाच, तिने पहिलं राज्य विजेतेपद मिळवलं. पुढे ती हात डोक्यावरून फेकत पोहण्याची नवी पद्धत शिकली आणि मग तिला गाठणं कुणाला जमेना. जवळपास पोहोचायची ती मैत्रीण मिना वायली.

१९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती पहिल्यांदाच ठेवल्या गेल्या. फॅनी आणि मिना जाणार, हे उघडच होतं. पण तिथल्या महिला जलतरण संघटनेचा नियम होता, की पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही. आणि गंमत बघा, हा नियम लावून धरणारी संघटनेची अध्यक्ष बाईच होती. रोझ स्कॉट. ती काही जुन्या वळणाची सासूबाई नव्हे! बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तिने वर्षानुवर्षं लढा दिला आणि १९०२मध्ये त्यांच्या राज्यात तो मिळालाही. पुरुषांच्या नजरेचा मुलींना त्रास होऊ नये, हाच तिचा हेतू. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण नजर पुरुषांची आणि बंदी मुलींवर, हा कुठला न्याय?

लोकांनी ओरड केली, नियम मागे घ्यावा लागला, रोझबाईंनी राजीनामा दिला. मग पैशांचं आडवं आलं. बायकांवर कशाला खर्च, असं वरच्यांचं म्हणणं. शेवटी वर्गणी गोळा झाली. सोबत म्हणून फॅनीची बहीण गेली. एकटी मुलगी पाठवायची कशी, हा प्रश्न तिथेही होताच. अमेरिकेने तर पोहायला एकही मुलगी पाठवली नाही.

आणि फॅनीने काय करावं? १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत १ मिनिट १९.८ सेकंदांचा जागतिक विक्रम! अंतिम फेरी १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक. मिना दुसरी आली. १८९६च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये याच अंतराला पुरुष विजेत्याला नेमका एवढाच वेळ लागला होता. (तो खुल्या, गार समुद्रात पोहला होता हे खरं, पण आकडा बघून बरं वाटतंच.)

पुढचं फार सुखाचं नाही. १९१६चं ऑलिंपिक महायुद्धाने खाल्लं. १९२०च्या वेळी निघायच्या तोंडावर अपेंडिक्सचं ऑपरेशन, त्यावर टायफॉइड. १९२१मध्ये तिने स्पर्धा सोडल्या, लग्न केलं आणि लहान मुलांना पोहायला शिकवत राहिली. १९५६मध्ये ती गेली.

आपल्याकडे मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा ऑलिंपिकच्या पाण्यात उतरल्या १९५२मध्ये, म्हणजे फॅनीनंतर चाळीस वर्षांनी.

आता आमच्या नाशिकचंच बघा. सिंहस्थात रामकुंडावर हजारो बायका ओल्या लुगड्यानिशी डुबकी घेतात. भोवती पुरुष असतात, कॅमेरे असतात. त्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण ते पुण्याचं काम. मग तीच लेक अंगभर कॉस्च्युम घालून तलावात शर्यत पोहली, की घराण्याची अब्रू कशी जाते, हे मला कुणी समजावून सांगेल का?

बायकांची वेगळी बॅच असू नये, असं माझं म्हणणं नाही. असावीच. चाळिशीत पाण्याची भीती घालवायला जाणाऱ्या बाईला तीच सोयीची. पण स्पर्धेत उतरू बघणाऱ्या मुलीला ‘तू त्याच तासाला जा, नाहीतर जाऊच नको’ म्हणणं म्हणजे रोझबाईंचा तोच नियम झाला. कोच कोण आहे, कपडे बदलायची खोली नीट बंद होते का, कुणी मोबाइलवर फोटो काढत असेल तर त्याला बाहेर काढतात का, हे आईने जाऊन जरूर बघावं. तक्रारही करावी, लेखी. मुलीचं पोहणं बंद करण्यापेक्षा हे जास्त कटकटीचं आहे, कबूल.

आणि उन्हाळी बॅचसाठी लेकीचा कॉस्च्युम घ्यायला मेन रोडला गेलात, तर एक तुमच्या मापाचाही बघून ठेवा. गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचेसुद्धा मिळतात.