कला फोर्टात, माणसे उपनगरात

बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर, आणि मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ३० किलोमीटरांहून थोडे अधिक. धीम्या लोकलने जायचे तर एका वेळेला तासभर मोडतो. उपनगरातील माणसाला या प्रवासाचे अप्रूप नाही. नोकरीसाठी, न्यायालयातील तारखेसाठी, इस्पितळात पडलेल्या नातलगाला भेटण्यासाठी तो निमूटपणे गाडी पकडतो. परंतु रविवारी सकाळी घरातील चार माणसे आवरून निघाली आहेत आणि ती केवळ चित्रे पाहण्यासाठी काळ्या घोड्याकडे चालली आहेत, असे दृश्य अंधेरी, घाटकोपर वा बोरिवलीच्या फलाटावर किती वेळा दिसते? यावरून उपनगराला कलेची आवड नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना होते. तो निष्कर्ष जितका सोपा, तितकाच चुकीचा आहे.

मुंबईचा नकाशा समोर ठेवला की या प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते. सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये उभे राहिले. या सर्व संस्था दक्षिण मुंबईत निघाल्या यात नवल नव्हते, कारण तेव्हाची मुंबईच मुळी तेवढी होती. बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ मध्ये. पण त्यानंतर शहर उत्तरेकडे सरकले आणि कलेची दालने मात्र जागची हलली नाहीत. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर सहा वर्षांनी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दार मुंबईत उघडले, तेही फोर्टातच. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती आणि उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांहून अधिक. म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर जेथे राहतात, तेथून ही सर्व सार्वजनिक दालने दूर आहेत. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने वांद्र्याला आपली वास्तू उभारली, काही खासगी दालनेही निघाली. पण वांद्रे हे उपनगरांचे प्रवेशद्वार आहे, अंतरंग नव्हे.

पूर्वी या अंतराची एक भरपाई आपोआप होत असे. बोरिवलीचा कारकून आणि घाटकोपरचा टंकलेखक नोकरीला फोर्टातच जात. जेवणाच्या सुटीत किंवा कचेरी सुटल्यावर, गाडीला वेळ असेल तर, ‘जहांगीर’मध्ये एक फेरी टाकणे त्यांना शक्य होते. आता कचेऱ्याच वांद्रे-कुर्ला संकुलात, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, पवई आणि मालाडला आल्या आहेत. कामाची जागा घराजवळ आली ही चांगलीच गोष्ट. परंतु त्याबरोबर फोर्टाशी असलेला नित्याचा संबंध तुटला. चित्र वाटेत भेटत असे. आता त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रोमार्ग संपूर्ण खुला झाला असून हुतात्मा चौकाचे स्थानक काळ्या घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रवास यामुळे सुकर झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण केवळ गाडीने तुटेल असे हे अंतर नाही. ‘जहांगीर’ला प्रवेशमूल्य नाही, तिकीट नाही, कोणी हटकत नाही. तरीही अनेक शिक्षक आणि कारकून त्या दाराशी क्षणभर घुटमळतात व पुढे जातात. आत गेले तर विकत घ्यावे लागेल, कोणी काही विचारले तर उत्तर देता येणार नाही, असा एक अबोल संकोच त्यांच्या मनात असतो. देवळात जाताना हा संकोच नसतो, नाट्यगृहात जाताना नसतो. कारण ती ठिकाणे लहानपणापासून पायाखालची असतात. कलादालनाचा उंबरठा हा सवयीचा प्रश्न आहे, आणि सवय ही घराजवळच लागते.

नाटकाचे उदाहरण येथे बोलके आहे. एके काळी उपनगरातील नाट्यरसिकाला गिरगावात साहित्य संघाला किंवा दादरला शिवाजी मंदिरात जावे लागे आणि शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून तिसरा अंक पाहावा लागे. पुढे पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मुलुंडला कालिदास आणि बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह झाले. ही नाट्यगृहे महापालिकेने बांधली, आणि उपनगरातील प्रेक्षकाने त्यांना आपले म्हटले. मध्यमवर्गाची अभिरुची रुळांच्या कडेने उत्तरेकडे गेली आणि नाटक तिच्या मागोमाग गेले. मग चित्र आणि शिल्प यांनीच मागे का राहावे? दिवाळीत उपनगरांतील शाळांमधून भरणाऱ्या रांगोळी प्रदर्शनांना ज्यांनी रांगा लावल्या, त्यांना रंग-रेषांचे वावडे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

या उपेक्षेची खरी किंमत मोजतात ती मुले. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना राज्यभरातील असंख्य विद्यार्थी बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो आणि दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेबही मांडला जातो. पण त्यांतील कितीजणांनी एखादे मूळ चित्र भिंतीवर टांगलेले, हातभर अंतरावरून पाहिलेले असते? रंगाचा थर कसा चढतो, कुंचल्याचा फटकारा कोठे थांबतो, हे छापील पानावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कळत नाही. गाणे न ऐकता संगीताची परीक्षा द्यावी, तसा हा प्रकार आहे. शाळांच्या सहली जलविहाराच्या बागांकडे जातात, त्यात गैर काही नाही. मुलांनी हुंदडलेच पाहिजे. परंतु वर्षातून एक सहल भायखळ्याच्या संग्रहालयाकडे वळवली तर मातीच्या छोट्या पुतळ्यांतून एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यवसाय आणि पेहराव मुलांना दिसतील. मुलुंड आणि घाटकोपरच्या शाळांना त्यासाठी गाडीही बदलावी लागत नाही.

आणि कला पाहण्यासाठी नेहमी दक्षिणेकडेच जावे लागते असेही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या परिसरात वारली पाडे आहेत. ज्या समाजाच्या लग्नघरात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक रेखतात, तो समाज उपनगराचा शेजारी आहे. ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आली ती १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातील जिव्या सोमा मशे यांचे सामर्थ्य ओळखले आणि पुढे मशे यांची चित्रे जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज वारली नक्षी चादरींवर, पेल्यांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर सर्वत्र दिसते. मात्र त्यांतील पुष्कळशी यंत्राने छापलेली किंवा वारल्यांशी कसलाही संबंध नसलेल्या हातांनी काढलेली असते. नक्षी घरोघर पोहोचली आणि नक्षी काढणारा पाड्यावरच राहिला, ही गोष्ट उपनगराने स्वतःला विचारण्याजोगी आहे.

हस्तकलेच्या बाजारात हाच प्रश्न पैशाच्या रूपाने उभा राहतो. मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवणारा ग्राहक कारागिराच्या हातगाडीपाशी आला की त्याच्यातील व्यवहारकुशलता जागी होते. टोपलीचे, लाकडी खेळण्याचे, चामडी वहाणांचे मोल निम्म्यावर आणणे हा तो पुरुषार्थ समजतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच घडणीच्या वहाणा मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला त्यामागील प्रेरणा मान्य करावी लागली. हा संताप योग्यच होता. पण परक्याने नाव घेतले नाही म्हणून रागावणाऱ्यांनी, आपण त्याच कारागिराला दाम किती देतो, याचाही हिशेब मांडायला हवा. घासाघिशीत वाचलेले पन्नास रुपये ग्राहकाच्या घरी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. कारागिराच्या घरी ती एका वेळची चूल असते.

ग्रामीण बचत गटांचे ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन वांद्र्याला भरते, तेव्हा उपनगरांतून लोक उत्साहाने जातात. खाद्यपदार्थांपाशी गर्दी अधिक असते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मात्र प्रदर्शन मोजक्या दिवसांचे. तंबू उतरला की ओळख संपते. दिल्लीत १९९४ पासून ‘दिल्ली हाट’ हा कायमचा बाजार चालू आहे, जेथे देशभरातील कारागीर आळीपाळीने येऊन स्वतः माल विकतात. नवी मुंबईत बेलापूरला ‘सिडको’चे अर्बन हाट आहे. ९३ लाख वस्तीच्या उपनगर जिल्ह्याला असा बाजार परवडत नाही, हे म्हणणे कोणाला पटेल?

जागेची टंचाई हा नेहमीचा आक्षेप येईल. त्याला उत्तर आहे. नवे भूखंड मिळेपर्यंत पालिकेच्या नाट्यगृहांची प्रशस्त दर्शनी दालने आहेत. मध्यंतरात बटाटेवडा खाणाऱ्या प्रेक्षकाच्या नजरेसमोर चार चांगली चित्रे असली तर त्याचे काही बिघडणार नाही. सुटीच्या दिवशी शाळांची पटांगणे रिकामी असतात. तेथे महिन्यातून एकदा कारागिरांचा बाजार भरू शकेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी दालने निघाली तर तेथे साड्यांचे सेल लागतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच केवळ चार भिंती पुरेशा नाहीत. चित्रांची निवड करणारे जाणकार, मुलांना ती समजावून सांगणारे कलाशिक्षक आणि पाड्यांवरील कलावंतांचा त्यांत राखीव वाटा, यांची तरतूद प्रथम झाली पाहिजे.

उपनगराला ही गोष्ट अगदी नवी नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याचे टाके दिले, एका लोहाराने वाट बांधून दिली, अशा नोंदी त्यांत सापडतात. हाताने काम करणाऱ्यांची नावे तेव्हा याच डोंगरात, राजे आणि व्यापाऱ्यांच्या नावांशेजारी दगडावर कोरली गेली. त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आजच्या कारागिराला आणि चित्रकाराला एक भिंत आणि बसायला चार हात जागा मिळावी, एवढीच ही मागणी आहे. महापालिकेने ती मान्य करावी. आणि ती मान्य होईपर्यंत उपनगरवासीयांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन ‘जहांगीर’चे ते दार बिनधास्त ढकलावे. आत शिरायला पैसे पडत नाहीत.