करवत घेताय? आधी बोटं सांभाळा!

हिंजवडीत ऑफिस आणि नांदे-सूस-महाळुंगे पट्ट्यात नवाकोरा फ्लॅट! हे गणित जमलेल्या माझ्या ओळखीतल्या मंडळींना सध्या एकच खूळ लागलंय, घरचं फर्निचर घरीच करायचं. बुकशेल्फ, शू रॅक, वर्क फ्रॉम होमचं टेबल... सुतार वेळेवर येत नाही, मग व्हिडिओ बघून आपणच सुरू! आयडिया झकास आहे. पण ८ बाय ४ फुटांचा प्लाय हातकरवतीने सरळ कापायला गेलं, की निम्मी हौस तिथेच फिटते. मग गाडी येते सर्क्युलर सॉवर, म्हणजे हातात धरायच्या गोल पात्याच्या करवतीवर.

इथेच एक घोळ होतो. सुताराच्या हातात जे दिसतं, तेच आपण दुकानात मागतो. बऱ्याचदा ते असतं ४ इंची मार्बल कटर, लाकडाचं दातेरी पातं चढवलेलं. स्वस्त, हलकं, कुठेही मिळणारं. पण बॉस, ते बनलंय फरशी कापायला! त्याचं पातं मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे मारतं आणि खालून उघडंच असतं. लाकडासाठीच्या ७ इंची सॉचा वेग साधारण ५,००० ते ५,५००. शिवाय तिचा खालचा गार्ड स्प्रिंगवर चालतो. कापताना मागे सरकतो, काप संपला की आपोआप पात्यावर येतो. सुताराच्या हाताला वीस वर्षांची सवय असते. आपल्या हाताला सवय माउसची! त्यामुळे माझं मत साफ आहे, पैसे गार्डसाठी मोजा.

बोहरी आळीत जा किंवा ऑनलाइन मागवा, ७ इंची (१८४ ते १९० मिमी) सॉ घरासाठी पुरेशी. १,२०० ते १,४०० वॅट, वजन चार किलोच्या आसपास, ६० मिमीहून जास्त खोल काप. आपला प्लाय जेमतेम १८-१९ मिमीचा, म्हणजे यापेक्षा मोठी सॉ हा नुसता रुबाब. प्लग काढलेला असताना गार्ड मागे ओढून सोडा. तो झटकन परत आला नाही, तर सॉ परत करा. खालची पट्टी सपाट आहे ना, तेही बघा. आणि घरी प्लग लावायचा तो १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये.

थोडे पैसे पात्यासाठी राखून ठेवा. सॉसोबत बऱ्याचदा २४ दात्यांचं पातं येतं, ते भराभर पण ओबडधोबड कापतं. प्लाय आणि सनमायकासाठी ४० ते ६० दाते हवेत. पात्याचं मधलं भोक आपल्या सॉला बसतं का, हे विचारूनच घ्या.

आता वापराचा फंडा. प्लायखाली जाड थर्माकोल अंथरा, म्हणजे दोन्ही तुकड्यांना आधार राहतो. आधार नसेल तर काप मिटतो, पातं अडकतं आणि सॉ उसळून अंगावर येते. पातं प्लायच्या जाडीपेक्षा ५-६ मिमीच जास्त खाली सोडा. सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि सॉ तिच्या कडेने न्या. चांगली बाजू खाली ठेवा, कारण दाते खालून वर येतात आणि चिरफळ्या वर उडतात. गॉगल, मास्क, कानाला मफ्स मस्ट! हातमोजे, ओढणी, सैल बाह्या मात्र नकोत. आणि गार्ड दोरीने बांधून ठेवायची आयडिया कुणी दिली, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आयुष्यात एकच शेल्फ करायचं असेल, तर सॉ घेऊच नका. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जवळच्या प्लायवाल्याकडे मापं द्या, कापून देतो का विचारा. पण दर वीकेंडला हात शिवशिवत असतील, तर बिनधास्त घ्या. फक्त रविवारी दुपारी चालू करू नका. शेजारचे काका झोपलेले असतात!