धातूचं पोस्टमॉर्टेम पुरे!

मटेरियल सायन्सच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? सॅम्पल घासायचं, पॉलिश करायचं, एचिंग करायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि जर्नलमध्ये झाडाच्या फांद्यांसारखं चित्र काढून खाली लिहायचं ‘डेंड्राइट्स’. संपलं! मला विचाराल तर हे धातूचं पोस्टमॉर्टेम आहे. रस घट्ट होत असताना आत काय घडलं, ते आपण नंतर अंदाजाने सांगतो.

पण आता ते प्रत्यक्ष बघता येतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला ‘ईएसआरएफ’ हा सिंक्रोट्रॉन आहे. तिथल्या प्रखर एक्स-रेंनी मॅथिसेन, आर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी कथील-शिशाच्या मिश्रधातूत डेंड्राइट वाढतानाच टिपले आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ॲल्युमिनियम-तांब्यात तर चित्र आणखी स्पष्ट. घट्ट होणारी फांदी तांबं बाहेर ढकलते, तांबं एक्स-रे जास्त अडवतं. म्हणून फांदी उजळ आणि भोवतीचा रस काळपट दिसतो.

अशी एक फिल्म मी पाहिली आणि चाटच पडले. फांद्या सुटतात, पण काडीसारख्या मोडून नव्हे. मानेपाशी तांबं साचतं, तिथला वितळणांक उतरतो आणि मान वितळते. म्हणजे घट्ट होता होता वितळणंही चालूच! सुटलेले तुकडे रसात तरंगत जातात आणि त्यातून नवे ग्रेन वाढू शकतात. यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा किती, हे बघायला फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वीडनमधून ‘मासेर-१२’ रॉकेटमधून एक्स-रे यंत्रासकट भट्टी वर पाठवली गेली.

कोणी म्हणेल, सॅम्पल एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, खऱ्या कास्टिंगशी त्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. पण ग्रेन कुठून येतात हे कळल्याशिवाय ते बारीक कसे करणार? आपल्यातले काही जण उद्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत उभे राहतील. तडा गेलेलं कास्टिंग समोर आल्यावर जर्नलमधलं चित्र कामाला येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : प्रॅक्टिकलआधी दहा मिनिटं अशी फिल्म दाखवा. खर्च शून्य. आणि इंडस्ट्रियल व्हिजिटला एकदा इंदूरला जाऊया. तिथे आपल्या देशाचा ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉन आहे. व्हायव्हाला ‘डेंड्राइट म्हणजे काय’ याची व्याख्या सगळेच सांगतात. ‘तो तुटतो कसा’ हेही कोणीतरी विचारायला हवं ना?