पुढे पाठवलेली साक्ष

‘मजकूर आमचा नव्हे, आला तसा पुढे पाठवला.’ आरोग्याविषयीच्या खोट्या संदेशाबद्दल हटकले की चांगली शिकलेली माणसे हेच उत्तर देतात. हा बचाव आम्हांला मुळीच मान्य नाही.

गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत गोवा, कर्नाटक, तामिळनाडू आदी प्रदेशांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली. या लसीने वंध्यत्व येते, मूल स्वमग्न होते, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरले आणि कित्येक पालकांनी नकार दिला. स्वमग्नतेच्या भयाचे मूळ १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या निबंधात आहे. तपासलेली मुले अवघी १२! लस-उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळाले होते, हे मागाहून उजेडात आले. २०१० साली निबंध रद्द झाला, वेकफिल्ड यांची वैद्यकीची सनदही गेली. भय तेवढे हिंडत राहिले.

‘आमच्या मुलाचे आम्ही पाहू,’ हेही ऐकू येते. रुबेला मुलाला बहुधा थोडा ताप व पुरळ देऊन जातो. पण तोच गरोदर स्त्रीला पहिल्या महिन्यांत झाला, तर बाळ बहिरेपण, मोतीबिंदू वा हृदयदोष घेऊन जन्मू शकते. तेव्हा प्रश्न शेजारणीच्या पोटातल्या बाळाचाही आहे. २०२२ साली मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने मुले दगावली. कोरोनाकाळात चुकलेल्या मात्रा हे त्याचे एक मोठे कारण होते. सारे खापर अफवांवर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

डॉक्टरांनाही आम्ही मोकळे सोडत नाही. घाबरलेल्या आईला दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून वाटेला लावायचे आणि मग ती मोबाइलवर विश्वासते म्हणून हसायचे, हे कोणते वैद्यक?

कोरोनाच्या लसीला गर्भपाताचे पाप चिकटवणारे संदेश तर श्रद्धेचा वेष घालून आले. दुसरी लस उपलब्ध नसताना ती घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, असे व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले होते. ते टिपण कितीजणांनी पुढे पाठवले?

खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा आपण पाठ म्हणतो. सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करावी लागते, हीही आपल्या ख्रिस्तसभेचीच शिकवण. म्हणून आमची मागणी साधी आहे: ज्या समूहात खोटा मजकूर धाडला, त्याच समूहात, स्वतःच्या नावाने, तो खोटा होता असे लिहावे. गुपचूप पुसून टाकलेला संदेश आम्ही भरपाईत धरणार नाही.