पर्समधलं पिस्तूल आणि कपाटाची किल्ली



या अंकाचं संपादकीय पोटगीच्या थकलेल्या वसुलीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात येईलच. मध्येच टेक्सासमधून आपल्या एका जुन्या वर्गणीदार मैत्रिणीचं पत्र आलं आणि आमच्या दोन बैठका त्यावरच खर्ची पडल्या. ही मैत्रीण एका प्रयोगशाळेत काम करते. पाळी रात्री साडेअकराला संपते, गाडी लांबच्या वाहनतळावर असते. तिच्यासोबतच्या दोघींनी पिस्तूल घेतलं आहे. तिलाही घ्यायचं आहे. एकच, पर्समध्ये मावेल आणि शनिवार-रविवारी नेमबाजीच्या स्पर्धेतही चालेल असं. सोबत तिने माहितीपत्रकाची पानं पाठवली आणि लिहिलं, 'बायकांनी शस्त्र घ्यावं की नाही यावर भाषण नको. हे घेऊ की नको, तेवढं सांगा.'

बैठकीत एकजण म्हणाली, हा आपला विषयच नाही. दुसरीने विचारलं, बाईसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू आपला विषय नाही, तर कोणाचा? मला दुसरीचं पटलं. बंदुकीशी माझा संबंध कॉलेजात एनसीसीची .२२ रायफल चालवली तेवढाच. म्हणून नेमबाजी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला गाठलं आणि तिच्याकडून पानन् पान समजून घेतलं. भाषण नको म्हणणाऱ्या बाईला आधी माहिती द्यायला हवी.

माहितीपत्रकातलं पिस्तूल म्हणजे सिग सावरचं पी ३६५ एक्सएल. हे २०१९ मध्ये बाजारात आलं. ९ मिलिमीटरचं काडतूस, नळी ३.७ इंच, रुंदी जेमतेम इंचभर, वजन रिकामं असताना सहाशे ग्रॅमच्या आत, मॅगझिनमध्ये बारा गोळ्या. 'ऑप्टिक्स-रेडी' याचा अर्थ एवढाच की वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, 'रेड डॉट' बसवायला कारखान्यातच जागा कोरून ठेवलेली असते. रेड डॉट ही बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची खिडकी. तिच्यात एक लाल ठिपका दिसतो. जुन्या पद्धतीत मागची खाच, पुढचा खुंट आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी डोळ्याने एका रेषेत आणाव्या लागतात. इथे दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहायचं आणि ठिपका त्यावर ठेवायचा. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, तेव्हा याचा खरोखर उपयोग होतो, असं आमच्या मैत्रिणीचं म्हणणं.

आता जे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, ते. मनगट जरा तिरकं झालं की ठिपका खिडकीत सापडतच नाही. तो शोधण्यात क्षण जातो, आणि ज्या प्रसंगासाठी पिस्तूल घ्यायचं त्या प्रसंगात तोच क्षण नसतो. काचेवर पर्समधलं सूत, पावडर, पावसाचं पाणी बसतं. बॅटरी बदलावी लागते, स्क्रू ढिले होतात, बसवल्यावर नेम जुळवून घ्यावा लागतो. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं तितका त्याच काडतुसाचा धक्का हाताला जास्त. लहान पिस्तुलाची स्लाइड ओढायला बहुधा जड असते. बायकांची तक्रार जास्त करून हीच. बळापेक्षा हे तंत्राचं काम आहे, एक हात पुढे ढकलायचा आणि दुसऱ्याने मागे ओढायचं. पण ते तंत्र दुकानात दहा मिनिटांत येत नाही. ओढायला सोपी स्लाइड असलेली पिस्तुलं अलीकडे निघाली आहेत. म्हणजे अडचण खरी आहे, हे कारखानदारांनाही ठाऊक आहे.

स्पर्धेचं पाहू. अमेरिकेत 'कॅरी ऑप्टिक्स' नावाचा स्पर्धांचा गट आहे. नाव 'कॅरी', पण तिथे उतरणारे बहुतेकजण मोठी, जड पिस्तुलं आणि वीस-वीस गोळ्यांची मॅगझिनं वापरतात. बारा गोळ्यांचं लहान पिस्तूल घेऊन गेलेली बाई मॅगझिन बदलण्यातच मागे पडणार. नवशिकीने आपल्याच पिस्तुलावर हात बसवावा म्हणून जायला हरकत नाही, पण बक्षिसाची आशा ठेवू नये. थोडक्यात, पर्ससाठी चांगलं ते रेंजवर उणं आणि रेंजवर चांगलं ते पर्ससाठी अवजड. 'दोन्हीसाठी एकच' हे विकणाऱ्याच्या सोयीचं वाक्य आहे.

खेळ म्हणून मात्र माझा विरोध सोडाच, आग्रहच आहे. राही सरनोबत ही आपल्या कोल्हापूरची. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने सुवर्णपदक घेतलं. या स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. तिच्या हातात .२२चं पिस्तूल होतं आणि त्यावर कसलाही लाल ठिपका नव्हता. त्या प्रकारात तो चालतच नाही. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली ती दहा मीटरवर, हवेच्या पिस्तुलाने. मुलींनी खांदा सरळ ठेवून, श्वास रोखून, मोठ्या आवाजाला न दचकता उभं राहायला शिकावं. रेंजवरचं पिस्तूल तिथल्या कपाटात ठेवून घरी येता येतं, हा त्या खेळाचा मला सर्वांत आवडणारा गुण.

घरी येणाऱ्या पिस्तुलाचं काय?

माहितीपत्रकात तीन, सात, पंधरा यार्डांवरून कागदावर पडलेल्या भोकांचे फोटो आहेत. समोर अनोळखी माणूस आहे, अंतर आहे, आणि बाईच्या हातात आधीच पिस्तूल आहे, असं सगळं गृहीत धरलेलं. मी समुपदेशन केंद्रात काम करते. माझ्यासमोर येणाऱ्या बाईचं अंतर यार्डांत मोजता येत नाही. मारणारा माणूस त्याच पलंगावर झोपलेला असतो. आपल्याकडे गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. अमेरिकेत हे वेगळं नाही, फक्त तिथल्या घरात बंदूक जास्त वेळा असते.

तिचा परिणाम तिथल्यांनीच मोजला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक शहरांत केलेल्या अभ्यासात दिसलं की मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. कॅलिफोर्नियात जवळपास पावणेदोन कोटी प्रौढांची २००४ ते २०१६ ही वर्षं तपासली गेली. ज्यांच्या स्वतःच्या नावावर पिस्तूल नाही, पण घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे, अशांचा प्रश्न होता. पिस्तूल नसलेल्या घरांतल्या माणसांपेक्षा त्यांच्यात नवरा-बायको वा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट निघालं. असे जे बळी गेले त्यांत ८४ टक्के बायका. त्याच राज्यातला २०२० चा दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करून गेला. ज्या बायकांच्या स्वतःच्या नावावर पिस्तूल आहे, त्यांच्यात स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या बायकांच्या पस्तीसपट होतं. पुरुषांत तेच सुमारे आठपट. नैराश्याने ग्रासलेली बाई केंद्रावर आली की आम्ही घरातल्या कीटकनाशकाच्या डब्याची चौकशी करतो. तिथे हाच प्रश्न पिस्तुलाबद्दल विचारायला हवा.

आणि पर्स? डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात एक २९ वर्षांची आई मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. पिस्तूल ठेवण्यासाठीच वेगळा कप्पा शिवलेली तिची पर्स दुकानातल्या ढकलगाडीत तिच्या दोन वर्षांच्या मुलाशेजारी होती. मुलाने चेन उघडली. त्या बाईला बंदूक नीट येत होती, तिच्याकडे रीतसर परवाना होता. पर्स आपण खाली ठेवतो, दुसऱ्याकडे देतो, पोर तिच्यात हात घालतं. पिस्तूल बाळगायचंच तर ते चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, अंगावर.

हे सगळं लिहिताना बाईच्या भीतीला मी हसते आहे असं कोणी समजू नये. जेसिका गोन्झालेसचं प्रकरण जुन्या कार्यकर्त्यांना माहीत असेल. १९९९ मध्ये कोलोरॅडोत तिच्या नवऱ्याने संरक्षण-आदेश मोडून तीन मुलींना पळवलं. ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली. त्याने त्याच संध्याकाळी पिस्तूल विकत घेतलं होतं. तिन्ही मुली मेल्या. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पोलिसांनी आदेशाची अंमलबजावणी केलीच पाहिजे, असा घटनादत्त हक्क तिला नव्हता. असा निकाल वाचलेल्या बाईने 'मग माझं मीच बघते' म्हटलं, तर तिला कोणत्या तोंडाने अडवायचं?

पण तिने तसं बघितलं तर काय होतं, तेही पाहा. फ्लोरिडातली मारिसा अलेक्झांडर ही कृष्णवर्णीय बाई. २०१० मध्ये मारहाण करणाऱ्या नवऱ्याला रोखायला तिने स्वतःच्या पिस्तुलातून एक गोळी झाडली. कोणाला इजा झाली नाही. स्वसंरक्षणासाठी माघार घ्यायची गरज नाही, असा त्या राज्याचा प्रसिद्ध कायदा. तो तिच्या कामी आला नाही. २०१२ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अपिलात ती रद्द झाली, तरी फेरखटला टाळण्यासाठी तडजोड करून ती २०१५ मध्ये सुटली ती घरच्या नजरकैदेत. पिस्तुलासोबत कायद्याचं कवच येतं म्हणतात. ते कोणाच्या अंगाला बसतं, हे आधी पाहावं.

तर, घेऊ की नको? आम्ही त्या मैत्रिणीला उलट प्रश्न पाठवले. पिस्तूल घरात कोण कोण उघडू शकेल? तिजोरीचा आकडा फक्त तुझ्याकडे राहील, की 'आपलंच आहे' म्हणून दोघांकडे? घरात कधी हात उगारला गेला आहे का? गेल्या दोन वर्षांत जगणं नकोसं वाटलं होतं का? दर महिन्याला रेंजवर जायला वेळ आणि काडतुसांना पैसे आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर अडखळलं तर घेऊ नको, असं स्पष्ट लिहिलं. वाहनतळ जवळ मिळावा आणि रात्री सोबत असावी म्हणून पाळीतल्या सगळ्याजणींनी मिळून अर्ज करा, हेही लिहिलं. आमच्यातल्या एकीला हे फारच मिळमिळीत वाटलं. असेल. पण त्या अर्जाने सगळ्यांचीच रात्र सुधारते, एकीच्या पर्सने नाही.

तिथल्या इतर वाचक मैत्रिणींसाठी एक गोष्ट. टेक्सासमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. पण नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर किंवा नवऱ्यावर अवलंबून म्हणून गेलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूसही जवळ ठेवता येत नाही. दुकानदार काहीही म्हणो. घरात मारहाण असेल तर ह्यूस्टनची 'दया', न्यू जर्सीची 'मानवी' यांसारख्या आपल्या भागातल्या बायकांच्या संस्था आहेत. कोर्टाकडून संरक्षण-आदेश घेताना नवऱ्याच्या बंदुकीचा मुद्दा मांडा. असा आदेश असलेल्या माणसाला बंदूक नाकारणारा केंद्रीय कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, रहिमी खटल्यात, आठ विरुद्ध एक मतांनी कायम ठेवला आहे.

आपल्याकडे हे सगळं लांबचं वाटेल. तेवढं लांब नाही. ९ मिलिमीटरचं पिस्तूल इथे खाजगी माणसाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. पण २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२चं रिव्हॉल्व्हर काढलंच होतं. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये, सोबत दागिन्यांच्या डब्यासारखी मरून पेटी. दिल्लीत २०१२ मध्ये मारल्या गेलेल्या मुलीला माध्यमांनी दिलेल्या नावाचाच समानार्थी शब्द त्यावर वापरला गेला. ती मुलगी बसमध्ये बसली होती. बसचं तिकीट काढणाऱ्या कोणत्या बाईकडे सव्वा लाख असतात?

आपल्या कामाचा भाग मात्र वेगळाच आहे. परवान्याची बंदूक इथेही घरात असते, जास्त करून नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, दिराच्या नावावर. ती झाडली जात नाही, नुसती टेबलावर ठेवली जाते. बाई तक्रारीत हे सांगतही नाही, कारण 'त्याने काही केलं नाही'. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, कोर्टाने सांगितल्यास हिंसेत वापरलेलं शस्त्र जप्त करण्यासाठी पोलिसांना मदत करणं, हे संरक्षण अधिकाऱ्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित वा रद्द करता येतो. शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तांकडे जायचं, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. आमच्या केंद्राच्या अर्जाच्या छापील नमुन्यात आता 'घरात बंदूक आहे का, कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे' हे तीन रकाने घातले आहेत. ज्या गटांना नमुना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. आणि तुमच्या तालुक्यात अशी जप्ती कोणी करून घेतली असेल, तर अर्जाची प्रत जरूर पाठवा, बाईचं नाव खोडून.