जगण्याची अनुज्ञा आणि मृत्यूची शिस्त

अंधेरी आणि घाटकोपर-मुलुंड यांच्या मधल्या पवईत, आयआयटी मुंबईच्या परिसरात, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या उपचाराचे लोकार्पण झाले. रक्ताच्या काही कर्करोगांवरील हा उपचार आयआयटीचे प्रा. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांच्या परिश्रमातून सिद्ध झाला. त्याचे मर्म जाणण्यासाठी आपल्या शरीरातील ‘बी’ पेशींचे जीवन समजून घेतले पाहिजे.

बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार होत. जंतूंना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे घडविणे, हे त्यांचे कार्य. अस्थिमज्जेत त्या नित्य नव्याने जन्माला येतात. मात्र जन्म मिळाला म्हणजे जगण्याचा हक्क मिळाला, असे नव्हे. जी पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजते, तिला सुधारण्याची संधी मिळते. न सुधारल्यास बहुधा तिथेच तिचा अंत होतो. बाहेर पडलेल्या पेशींनाही ‘बॅफ’ नावाच्या प्रथिनाचा संकेत सतत मिळावा लागतो. व्यापारातील परवान्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते, तसेच हे आहे. संकेत थांबला की पेशी स्वतःच्याच अंतर्गत यंत्रणेने शांतपणे विलय पावते.

हा संकेत मोजकाच असण्यात शहाणपण आहे. तो प्रमाणाबाहेर वाढला, तर ज्या पेशी गळून पडायला हव्या होत्या त्याही तग धरतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटतात. ल्युपस या विकारात असे घडताना दिसते. म्हणूनच बॅफला अडविणारे बेलिमुमॅब हे औषध २०११ पासून या विकारावर वापरले जाते.

जंतू शिरल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. बी पेशीने जंतू ओळखला, एवढ्याने बहुधा भागत नाही. साहाय्यक ‘टी’ पेशीचीही संमती लागते. पहिला संकेत मिळाला आणि दुसरा आला नाही, तर ती पेशी निष्क्रिय होते किंवा मरते. हुंडीवर दुसरी सही नसेल तर ती वटत नाही, तसाच हा प्रकार.

ही शिस्त मोडली की कर्करोगाला वाट मिळते. फॉलिक्युलर लिम्फोमा या रोगात बहुतेक वेळा १४ व्या व १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि मृत्यू रोखणारे ‘बीसीएल-२’ प्रथिन अखंड तयार होत राहते. कर्करोग म्हणजे केवळ बेसुमार वाढ नव्हे. मरण्यास नकार देणे, हेही त्याचे लक्षण होय.

नेक्सकार-१९ मध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांत जनुकीय बदल करतात. मग त्या ‘सीडी-१९’ ही बी पेशींवरील खूण ओळखून त्यांना मृत्यूचा संकेत देतात. भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये या उपचारास मान्यता दिली. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. पण प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. खर्च चाळीस लाख रुपयांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतील अशा उपचारांच्या सुमारे एक दशांश. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाला हा भार मोठाच आहे. आपल्या समाजातील वैद्यकीय साहाय्य निधींनी याचा विचार अवश्य करावा.

ही खूण निरोगी बी पेशींवरही असते. त्यामुळे उपचारानंतर प्रतिपिंडे घटतात आणि काही काळ संसर्गाचा धोका वाढतो. काही रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, काही लसीही डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा घ्याव्या लागतात. रुग्ण घरी येताच भेटीस जाण्याची आपली रीत प्रेमाची खरी. परंतु इथे काही आठवडे दूरध्वनीवर विचारपूस करणे, हेच खरे प्रेम ठरेल.

शेवटी एक सावधानता. मानेत, काखेत वा जांघेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, सोबत ताप, रात्री घाम किंवा वजनात घट असली, तर अंदाजाने औषध घेऊ नये. आपल्याकडे अशी गाठ दिसली की प्रथम क्षयरोग आठवतो आणि पुष्कळदा तो असतोही. पण निदान तुकडा-तपासणीनेच, म्हणजे बायॉप्सीनेच, पक्के करून घ्यावे. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्टेरॉइड तर मुळीच घेऊ नये. स्टेरॉइडही या पेशींना मृत्यूचा संकेत देते. गाठ तात्पुरती विरघळते, तपासणीत रोग सापडत नाही आणि मोलाचा काळ निसटतो. गाठ बसली म्हणजे रोग गेला, असे समजून निर्धास्त होऊ नये.