राखण

दरवर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आपल्या महाविद्यालयात वृक्षारोपण होते. फादर प्रार्थना म्हणतात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक म्हणून मीही एक खड्डा खणला. खणताना आदल्या वर्षीच्या रोपाची वाळलेली काडी हाती आली आणि तिच्या मुळाशी काळी प्लॅस्टिकची पिशवी! पिशवी न काढताच ते रोप पुरले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात सगळे जाणतेच असतात, अशी बाबांची समजूत. ही हकिकत ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पाऊस धरायच्या आधी रोप लावलंत, मग पाणी कोणाकडे होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले. देवाने माणसाला बागेत मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले, या बायबलमधील विचाराची त्यांनी त्यात आठवण करून दिली. मी ख्रिस्ती नाही. पण राखण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. राखण म्हणजे माळ्यावर जागून काढलेली रात्र. राखणदार मालक नसतो, पण नुकसान झाले तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

अशी राखण करणारी माणसे ख्रिस्ती महाविद्यालयांत होऊन गेली आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाऊ मूळचे स्पेनचे. खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी तेथील वनस्पतींची नोंद केली. तो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या डोंगरातील झाडाझुडपांची एवढी ओळख करून घ्यावी, आणि आपल्याला आपल्याच आवारातील दहा झाडांची नावे सांगता येऊ नयेत?

दोष केवळ व्यवस्थापनाला देऊन मी मोकळा होणार नाही. माझ्या रोपाचा फोटो मीही मित्रांना पाठवला आणि मार्चमध्ये परीक्षेच्या घाईत त्याच्या शेजारून मान खाली घालून गेलो. रोपे मरतात ती याच दिवसांत. आपण सुट्टीवर जातो. माळीकाका एकटे कुठे कुठे पुरणार?

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक वर्गाने एकच झाड घ्यावे. त्याची नोंद वहीत असावी आणि मे महिन्यात पाणी घालण्याच्या पाळ्या जवळपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाटून घ्याव्यात. पहिली पाळी मी घेतो. येत्या ५ जूनला पाहुण्यांच्या हस्ते नवे रोप लावू नये; त्यांना जुनी रोपे मोजायला सांगावे. जी जगली असतील, तेवढ्यांसाठीच टाळ्या वाजवाव्यात.

— द्वितीय वर्ष, कला